आंबेडकर, डॉ. भीमराव : लोकसभा निवडणुकांतील पराभव (1952, 1954)

स्वतंत्र भारतात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची निवडणूक दोनदा लढवली आणि दोन्ही वेळा ते हरले. हिंदू कोड बिल रखडल्यामुळे सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी 1952 मध्ये, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे ते मुंबई शहर उत्तर मतदारसंघात उभे राहिले. समाजवादी पक्षाशी युती होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर निवडून आले. त्यांना 1,38,137 आणि बाबासाहेबांना 1,23,576 मते पडली.

हा निकाल समजायचा तर मतदानाची तेव्हाची रीत पाहावी लागते. मतदारसंघ द्विसदस्यीय होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. उमेदवारागणिक निराळी मतपेटी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या, तर एकच मोजली जाई. म्हणून दुसरे मत ‘कुजवण्याचा’ प्रचार होई. कम्युनिस्टांनी, विशेषतः श्रीपाद अमृत डांगे यांनी, असा प्रचार करून हजारो मते वाया घालवली, अशी तक्रार बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक अर्जात केली. अर्ज फेटाळला गेला. शिवाय राखीव जागेचा प्रतिनिधी निवडत होते ते सगळे मतदार, आणि त्यांत दलित अल्पसंख्य. 1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघ आले, तेव्हाच बाबासाहेबांना ही भीती होती. मुंबईत ती त्यांच्याच वाट्याला आली. या पराभवाला त्यांच्या समाजाने दिलेला नकार म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

त्याच वर्षी मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले.

1954 ची भंडाऱ्याची पोटनिवडणूकही द्विसदस्यीय मतदारसंघातच झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. आपले एकच मत हत्तीला, म्हणजे फेडरेशनच्या चिन्हाला, द्या आणि दुसरे कुजवा, असे मतदारांना सांगावे, हा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे बाबासाहेबांनी तो मानला नाही. घटना लिहिणाऱ्याने मत वाया घालवायला सांगणे त्यांना पटणारे नव्हते. राखीव जागेवर काँग्रेसचे बोरकर सुमारे आठ हजार मतांनी जिंकले. सर्वसाधारण जागा मात्र अशोक मेहतांना मिळाली. दोन वर्षांपूर्वी ज्या हत्याराने आपला घात झाला ते हाती आयते आले असतानाही न उचलणे, ही त्यांच्या सार्वजनिक जीवनातली फार मोठी गोष्ट आहे, आणि तिची आठवण पराभवाच्या आकड्यांपेक्षा अधिक ठेवली गेली पाहिजे.

6 डिसेंबर 1956 रोजी निधन झाले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. पुढच्याच वर्षी फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर निवडून आले. द्विसदस्यीय मतदारसंघ 1961 च्या कायद्याने रद्द झाले.