विसाव्याचीं तीस मिनिटें

मल्लाचें बळ मेहनतीनें वाढतें, पण टिकतें विसाव्यानें. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या इशी यांच्याशीं दीर्घ काळ झुंजले. दोन कुस्त्यांमध्यें ३० मिनिटांच्या विश्रांतीचा नियम होता. परंतु आग्रह धरावयास भारतीय अधिकारी जवळ नसल्यानें थकल्या अंगानेंच त्यांना सोव्हिएत मल्लाशीं लढावें लागलें, असें सांगतात. ती कुस्ती ते हरले. पदक कांस्याचें लाभलें.

आपल्या तालमींत मेहनतीनंतर तेलाचें मर्दन, थंडाई आणि पुरती झोंप, हा क्रम पूर्वापार आहे. पाश्चात्त्य खेळाडूंत थंडगार पाण्यांत बसण्याची रीत रूढ झाली. २०१५ सालच्या ऑस्ट्रेलियांतील प्रयोगांत, बलवर्धक व्यायामानंतर नित्य असें बसणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. २०१८ सालीं फ्रेंच संशोधकांनीं ९९ अभ्यास पडताळले, तेव्हां थकवा व अंगदुखी घालविण्यांत मर्दनच सरस ठरलें. थंड पाण्यानेंही दुखणें उतरतें. म्हणून तें सामन्यांच्या दिवसांत घ्यावें, बळ कमावतांना नव्हे.

सोलापूरच्या वस्तादांस एवढीच विनंती : मुलांना जोर-बैठकांची संख्या पुसतां, तशी रात्रींची झोंपही पुसा.