घड्याळ कोणाच्या ताब्यात होते?

चोरी झाली की आपण आधी विचारतो, वस्तू कोणाची होती? भारतीय दंड संहितेने मात्र विचारले, वस्तू कोणाच्या ताब्यात होती? मेकॉलेच्या आयोगाने 1837 मध्ये मसुदा केला, 1860 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 1862 पासून तो लागू झाला. मुंबई इलाख्यात तोवर 1827 चे चौदावे रेग्युलेशन चालत होते. नव्या संहितेच्या कलम 378 मध्ये चोरीची व्याख्या होती, आणि तिच्यात मालकी हा शब्दच नव्हता. अप्रामाणिक हेतू, जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, त्याची संमती नसणे आणि वस्तू जागची हलवणे, एवढ्यावर गुन्हा पुरा होतो. माझ्या मते या कायद्याचे खरे शहाणपण ताब्याला दिलेल्या या मानात आहे. कलमाखालच्या उदाहरणांत एक घड्याळ तीनदा येते. दुरुस्तीला दिलेले घड्याळ, देणे काहीच नसताना, मालकाने दुकानात उघडपणे शिरून हिसकावले तर ती चोरी नाही. अतिक्रमण किंवा हमला होऊ शकेल. मजुरी थकलेली असताना, दुकानदाराचा त्यावरचा हक्क बुडवायला तेच नेले, तर चोरी. गहाण टाकलेले घड्याळ कर्ज न फेडता गुपचूप उचलले, तरीही चोरी.

आपल्याच वस्तूचा माणूस चोर कसा ठरतो, हा आक्षेप रास्त वाटतो. पण मालकी हेच माप धरले, तर सावकाराकडचा गहाणाचा डाग किंवा कारागिराची मजुरी राखायची कशी? शिवाय निरपराध माणसाला वाचवायला हेतूची अट आहेच; पहिल्या उदाहरणातला मालक तिच्याच आधारावर सुटतो. गुन्ह्यांची वर्गवारीही ताब्यापासूनच सुरू होते. विश्वासाने हाती सोपवलेली वस्तू गिळंकृत केली तर तो विश्वासघात, कारण ताबा आधीच दिलेला असतो. भीती घालून द्यायला लावली तर खंडणी. चोरीसाठी मारहाण झाली तर जबरी चोरी, आणि तीच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर दरोडा.

दुसरा आक्षेप असा की वस्तू परत करायचीच असेल तर चोरी कशी? इंग्लंडच्या कायद्यात कायमची हिरावण्याचा हेतू लागे. आपल्याकडे तो लागत नाही. जोधपूरहून हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थीने परवानगीविना विमान पाकिस्तानात नेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये तात्पुरती हिरावणूकही पुरेशी मानली. हे मला पटते, कारण वस्तू हातची गेली की तिचा उपयोगही तेवढा काळ जातो.

किमतीचा प्रश्न निराळा. इंग्लंडमध्ये 1827 पर्यंत बारा पेन्सच्या वरची चोरी मोठी धरली जाई. आपल्या संहितेने काकडी आणि चंद्रहार यांना एकच व्याख्या लावली, फरक शिक्षेवर सोडला. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने 5000 रुपयांहून कमी किमतीची चोरी पहिल्यांदाच केलेल्याला, माल वा किंमत परत केल्यास, सामुदायिक सेवेची शिक्षा ठेवली आहे. हा बदल मला योग्य वाटतो. व्याख्या मात्र कलम 303 मध्ये जवळपास तशीच आहे, आणि घड्याळाची तिन्ही उदाहरणेही.