आठ बाय चारचं घर : टीअरड्रॉप ट्रेलरची गोष्ट

आजचा भाग एका छोट्याशा गाडीबद्दल आहे. गाडी म्हणजे तिला इंजिन नाही, कारच्या मागे जोडून ओढायची. आत दोन माणसं झोपतील एवढीच जागा. मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकघर. बाजूने बघितलं तर आडव्या पडलेल्या थेंबासारखा आकार, पुढे गोल आणि मागे निमुळता, म्हणून नाव टीअरड्रॉप. (खरा पावसाचा थेंब असा दिसत नाही बरं का! मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, बनपावासारखा.)

हल्ली रील्समध्ये ही गाडी बरीच दिसते. पण ती १९३० च्या दशकातल्या अमेरिकेतली आहे, आणि तिथेही कारखान्यांपेक्षा लोकांच्या घरामागच्या शेडमध्ये जास्त वाढली.

प्रश्न असा की तेव्हाच का? फोर्डची मॉडेल टी १९०८ ची. कारने भटकणारे हौशी लोकही होते, १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाला 'टिन कॅन टूरिस्ट्स' नावाचा त्यांचा क्लबच निघाला. घरी ट्रेलर बनवणारेही होते. मग हाच आकार, हीच साइझ यायला इतकी वर्षं का लागली?

नेहमीचं उत्तर म्हणजे फॅशन. १९३४ मध्ये क्रायस्लरची एअरफ्लो आली, आणि मग विमानापासून इस्त्रीपर्यंत सगळंच गोलगोल, वाऱ्याला कापणारं दिसायला लागलं. हे खरं आहे, पण अर्धंच. मला विचाराल तर या गोष्टीचा हिरो प्लायवूड आहे.

१९२८ मध्ये अमेरिकेत प्लायवूडची ठरावीक मापाची शीट बाजारात आली, चार फूट बाय आठ फूट. आपल्याकडेही प्लायच्या दुकानात आजतागायत 'आठ बाय चार'च मागतात, मीटर-बिटर कोणी बोलत नाही. पण तेव्हाच्या प्लायमध्ये एक मोठा बग होता. गोंदाला पाणी लागलं की थर सुटायचे. १९३४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या एका प्लायवूड कंपनीत जेम्स नेविन या संशोधकाने पाण्यात न सुटणारा गोंद शोधला, आणि प्लायवूड घराबाहेर पडू शकलं.

आता टीअरड्रॉपची मापं बघा. साधारण चार फूट रुंद, चार फूट उंच, आठ फूट लांब. म्हणजे एक शीट जमिनीला आणि एकेक शीट दोन्ही बाजूंना. शीटवर पेन्सिलने कमान काढायची, करवतीने कापायची, दोन बाजूंमध्ये आडव्या पट्ट्या ठोकायच्या आणि वरून पातळ प्लाय किंवा हार्डबोर्ड वाकवून बसवायचा. वेस्टेज अगदी कमी. आकार वाऱ्याने दिला असेल, पण माप शीटने दिलं.

आणि ते मागचं स्वयंपाकघर! चार फूट उंचीच्या डब्यात उभं राहून स्वयंपाक कसा करणार? तर करायचाच नाही. झाकण उचला, बाहेर जमिनीवर उभे राहा, ओटा समोर, झाकणाचंच छप्पर. छताची उंची आकाशाकडून उसनी घेतली. वजन बहुधा हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचारशे किलोंच्या आत. हे महत्त्वाचं, कारण फोर्डच्या मॉडेल ए ला मिळून ताकद होती ४० हॉर्सपॉवर.

सगळ्यात अवघड भागही तेच झाकण. वाकवलेलं लाकूड पुन्हा सरळ व्हायला बघतं, त्यामुळे कडेला फट पडते. बिजागरीपाशी पाणी शिरतं आणि प्लाय आतून कुजायला लागतं. घरी बनवणारे आजही याच दोन गोष्टींवर डोकं फोडतात.

आराखडे यायचे मासिकांतून. 'पॉप्युलर मेकॅनिक्स', 'पॉप्युलर सायन्स' यांत मापांसकट चित्रं छापली जायची. आपल्या भाषेत ओपन सोर्स. कोणीही मासिक विकत घ्या, कॉपी करा, आपल्याला हवा तो बदल करा.

पण हे सगळं मंदीच्या काळात चाललं होतं, हे विसरून चालणार नाही. रस्त्यावर सुट्टीवाले होते, तसे शेती गेलेले, कामाच्या शोधात निघालेलेही होते. रॉजर बॅबसन या नावाजलेल्या आकडेतज्ज्ञाने तेव्हा भाकीत केलं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. सपशेल चुकलं. आणि 'मोकळा रस्ता' सगळ्यांना मोकळा नव्हताच. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीनने कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' काढलं, कारण कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल आणि कुठून हाकलतील हे आधी माहीत असणं त्यांना भाग होतं. स्वतःची झोपायची जागा मागे ओढत नेली, तरी ती रात्री कुठे उभी करायची हा प्रश्न उरायचाच. टीअरड्रॉपच्या गोड गोड कहाण्यांत हे पान सहसा गाळलेलं असतं.

१९४२ पासून टायर आणि पेट्रोलवर रेशन आलं, भटकंती थंडावली. युद्ध संपल्यावर मात्र सैनिक परतले आणि लष्कराचा उरलेला माल बाजारात आला. विमानांचं ॲल्युमिनियम ट्रेलरच्या अंगावर चढलं, जीपची चाकं खाली लागली. १९४७ च्या 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड'मधला आराखडा याच लाटेतला.

मग १९५६ च्या कायद्याने मोठे हायवे आले, गाड्या दांडग्या झाल्या, लोकांना आत उभं राहता येईल असे ट्रेलर हवेसे वाटले. साठच्या दशकात टीअरड्रॉप जवळजवळ गायब झाला.

परत आला तो १९९० नंतर, इंटरनेटवर. कोणीतरी जुन्या मासिकांची पानं स्कॅन करून टाकली, आणि लोकांनी पुन्हा करवती काढल्या. गोंद बदलला, दिवे एलईडी झाले. शीट अजून आठ बाय चारचीच आहे.