पटावर नाव, वर्गात जागा

जून 1856. धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरायची त्याची तयारी होती, तरी जातीमुळे सरकारी शाळेने त्याला दारातूनच परत पाठवले होते. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणून तक्रार मुंबईला गेली. जुलैत उत्तर आले. न्यायाच्या तत्त्वाने पाहिले तर बाजू मुलाची आहे, हे सरकारने मान्य केले. पण शतकानुशतकांच्या समजुतींमध्ये एकट्यादुकट्यासाठी एकदम हात घातला तर शिक्षणाच्याच कामाला धक्का बसेल, असे म्हणत अर्ज फेटाळला.

हे उत्तर नीट वाचण्यासारखे आहे. मुलाचा हक्क इथे कोणी नाकारत नाही. हक्क कबूल, पण बाकीची मुले शाळा सोडून जातील त्याचे काय, असा तो हिशेब आहे. पुढच्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातल्या शाळांनी मुलांचे हक्क डावलले ते बहुतेक वेळा याच हिशेबाने.

प्रकरण वर गेले. 1858 मध्ये लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळाने कळवले की सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. मुंबई सरकारने ते तत्त्व जाहीर केले आणि लगेच त्याला वाट काढून दिली. संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या, पण जिथे गावकऱ्यांची वर्गणी आहे आणि त्यांची हरकत आहे, तिथे सरकार आग्रह धरणार नव्हते. ज्या गावात वर्गणीदार सवर्ण, तिथे या मुलांच्या वाट्याला काय येणार हे उघडच होते.

सरकार असे पाऊल मागे घेत असताना पुण्यात मात्र वेगळे काही घडत होते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या काही वर्षांत महार-मांग मुलांसाठीही शाळा सुरू केल्या. त्यांपैकी एका शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’त छापून आला. धारवाडच्या अर्जाआधी वर्षभर. जिच्या आईवडिलांच्या पिढीला अक्षर शिवू दिले नव्हते, ती मुलगी धर्माला आणि पेशवाईच्या राज्याला जाब विचारत होती. शाळेत मुलाचा आदर कसा राखावा यावर आज प्रशिक्षणे होतात, पुस्तिका निघतात. मुक्ताच्या शिक्षकांनी तिच्या हातात लेखणी दिली आणि तिला जे म्हणायचे होते ते म्हणू दिले. त्या काळातले एवढे ठसठशीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

1882 मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, ही त्यातली मागणी पुष्कळांना ठाऊक असते. त्याच निवेदनात आणखी एक नोंद आहे. महार, मांग आणि इतर खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती जवळपास सगळ्याच शाळांबाहेर राहतात, असे जोतीराव सांगतात. म्हणून जिथे या मुलांची संख्या मोठी आहे तिथे त्यांच्या वेगळ्या शाळा असाव्यात, असेही ते सुचवतात. अडचण दाराशी होती आणि बाकापाशीही होती, आणि बाकापाशी काय चालते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

दारातून आत गेलेल्या मुलाचे काय होई, ते साताऱ्यात दिसते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले. रजिस्टरात त्याचा क्रमांक 1914 आहे. कागदोपत्री सगळे ठीक होते. वर्गात मात्र हा मुलगा एका कोपऱ्यात, आपल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसे. ते गोणपाट रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिक्षकांची परवानगी हवी आणि नळ उघडायला शिपाई हवा. शिपाई नसला तर तहान तशीच मारायची. हा मुलगा म्हणजे पुढचे बाबासाहेब. त्यांनी हे स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवले आहे, आणि त्यात आक्रस्ताळेपणा औषधालाही नाही. मुंबईला गेल्यावर संस्कृत शिकायची त्यांची इच्छा होती, ती नाकारली गेली आणि त्यांना फारसी घ्यावी लागली.

महाराष्ट्र शासन 2017 पासून 7 नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळते. दिवस फार चांगला निवडला आहे. फक्त त्या दिवशी भाषणांत रजिस्टरातल्या नावाबरोबर गोणपाटाचाही उल्लेख झाला पाहिजे.

बाकापाशी हात घालायचे धाडस केले ते कोल्हापुरात. शाहू महाराजांनी 1917 मध्ये संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. त्या काळी मजुराच्या घरात रुपया ही थोडीथोडकी रक्कम नव्हती. पण त्याहून मोठी गोष्ट 1919 ची. जानेवारीत महाराजांनी हुकूम काढले की अस्पृश्यांना सरकारी खात्यांत आणि शाळांत समतेने, आपुलकीने वागवावे. ज्या अधिकाऱ्याला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, आणि त्याला पेन्शन मिळणार नाही. त्याच वर्षीच्या दसऱ्यापासून अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा आदेश निघाला. या वेगळ्या शाळा संस्थानानेच चालवल्या होत्या. जी गोष्ट काल आधाराची होती ती आज भिंत होत आहे हे ओळखणे आणि आपणच बांधलेली भिंत पाडणे, हे राज्यकर्त्यांना सहसा जमत नाही.

धारवाडच्या वेळी मुंबई सरकारने मुलांच्या पळापळीची भीती घातली होती. महाराजांनी भीतीची दिशाच फिरवली. आता नोकरी जायची धास्ती अधिकाऱ्याला होती.

ब्रिटिश मुलखात गाडी सावकाश चालली. ऑगस्ट 1923 मध्ये सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. तो महाडच्या चवदार तळ्यामुळे सर्वांच्या लक्षात आहे, पण त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. आणि ज्या साताऱ्यात गोणपाटाची ने-आण झाली, तिथेच 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केले. तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 मध्ये तिच्याविरुद्ध कायदा आला. त्याच्या पाचव्या कलमात शाळा, वसतिगृहे, दवाखाने येतात. प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, पण प्रवेश दिल्यानंतर भेदभाव करणे हाही गुन्हा आहे. साताऱ्याचा कोपरा त्या एका पोटकलमात बसतो. शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई, 2009 चा, अंमल 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या सतराव्या कलमाने मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. मुलाला सगळ्यांपासून तोडून कोपऱ्यात बसवणे हा मानसिक छळ नाही, असे कोण म्हणेल?

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गाच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. या मुलांना वर्गात वेगळे बसवायचे नाही आणि त्यांचे वर्ग वेगळ्या जागी किंवा वेगळ्या वेळी भरवायचे नाहीत, असे केंद्राच्या 2010 च्या नियमांत साफ लिहिले आहे. असा नियम लिहावा लागला, यातच बरेच काही आले.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या 25 टक्क्यांतून सूट. म्हणजे शहरांतल्या असंख्य शाळांची दारे या मुलांना बंद. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या आणि जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. 1856 मध्ये धारवाडच्या मुलाने ज्या सरकारकडे दाद मागितली होती, त्याच सरकारने त्याला परत पाठवले होते. या वेळी सरकारच्या वर न्यायालय होते आणि न्यायालयाच्या हातात कायदा होता.

दार उघडे राहिले. वर्गातल्या जागेचे काम अजून पालकांनी आणि शिक्षकांनीच करायचे आहे. आपल्या मुलाच्या किंवा शेजारच्या मुलाच्या शाळेत ‘आरटीईची मुले’ म्हणून वेगळी तुकडी असेल, सहलीला किंवा स्नेहसंमेलनाला त्यांना वगळले जात असेल, फीचे निमित्त करून कुणाला वर्गाबाहेर उभे केले जात असेल, तर गप्प बसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या 32 व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.