पैनगंगेचे दोन काठ : पर्यटन आणि उमरखेडची ओळख

एखादे गाव पर्यटनाच्या नकाशावर आले की त्याचा विकास होतो, असे आपण गृहीत धरतो. रस्ते होतात, चार खानावळी निघतात, तरुणांना काम मिळते, हे खरेच आहे. मात्र गाव नकाशावर येते तेव्हा ते संपूर्ण येत नाही. त्यातील एखादा धबधबा, एखादे देऊळ किंवा एखादा वाघ निवडला जातो आणि तीच त्या गावाची ओळख ठरते. ही निवड कोण करते आणि तिचे परिणाम कोणाच्या वाट्याला येतात, याचा विचार पर्यटन रुजल्यानंतर करून फारसा उपयोग होत नाही. तो आधी करावा लागतो. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका आज अशाच टप्प्यावर उभा आहे. निसर्ग आणि इतिहास त्याच्याकडे भरपूर आहे; पर्यटनाचा मोठा लोंढा मात्र अजून तेथे पोचलेला नाही.

नदीची सीमा झाली

उमरखेड विदर्भात असले तरी त्याला यवतमाळपेक्षा नांदेड जवळ. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा सुरू होतो. बोलीत, सोयरिकीत आणि बाजारहाटात दोन्ही काठ एकमेकांत मिसळलेले आहेत. कापूस, सोयाबीन, ऊस आणि हळद ही पिके अलीकडेही आहेत आणि पलीकडेही.

ही नदी पूर्वीपासून राजकीय सीमा नव्हती. 'आईन-ए-अकबरी'त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगेचे चित्र पालटले. उमरखेड वऱ्हाडात राहिले. माहूर, किनवट आणि हदगाव निजामाच्या अमलाखाली राहिले. उमरखेड ज्या पुसद तालुक्यात मोडत होते तो पूर्वी वाशीम जिल्ह्यात होता. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि हा भाग यवतमाळला जोडला गेला. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले, तेव्हा कुठे हे दोन काठ पुन्हा एका राज्यात नांदू लागले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, पर्यटनाची रचना आजही जिल्ह्यांच्या चौकटीत होते. जिल्ह्याचा आराखडा, जिल्ह्याचा निधी, जिल्ह्याचे माहितीपत्रक हीच पद्धत आहे. शंभर वर्षांच्या दोन राजवटींनी ओढलेली रेषा त्यामुळे पर्यटनाच्या नकाशावरही उमटते.

धबधबा एक, जिल्हे दोन

सहस्रकुंड हे याचे ठळक उदाहरण. पैनगंगा येथे काळ्या कातळावरून खाली झेपावते. धबधब्याचा एक काठ उमरखेड तालुक्यातील मुरली गावाच्या बाजूला, तर दुसरा नांदेड जिल्ह्यातील इस्लापूरच्या बाजूला आहे. मुदखेड–आदिलाबाद रेल्वेमार्ग नांदेडच्या बाजूने जातो आणि त्या मार्गावर सहस्रकुंड याच नावाचे स्थानकही आहे. महादेवाचे मंदिरही त्याच बाजूला. पाणी दोन्ही जिल्ह्यांचे, पण वाट आणि देऊळ एका बाजूला, अशी ही विभागणी आहे. जिथे वाट असते तिथे दुकान लागते आणि जिथे दुकान लागते तिथे रोजगार जातो.

धबधब्याचे पाणीही सर्वस्वी निसर्गाच्या हाती नाही. वरच्या अंगाला पुसद तालुक्यात इसापूर धरण आहे. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या या धरणाचे पाणी मोठ्या प्रमाणावर नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतील शेतीला मिळते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की सहस्रकुंड रौद्र रूप धारण करते. उन्हाळ्यात कातळ उघडा पडतो. येथील पर्यटनाचा हंगाम म्हणूनच जेमतेम काही महिन्यांचा ठरतो. त्याच काळात नदी सर्वांत धोकादायक असते. कठडे, सूचना, पाणी सोडण्याची पूर्वसूचना आणि प्रशिक्षित जीवरक्षक यांची व्यवस्था दोन्ही काठांनी मिळून केली तरच ती पुरी पडेल. अर्ध्या नदीची सुरक्षितता असा काही प्रकार नसतो.

बंदी भाग

उमरखेड तालुक्यातील पैनगंगेच्या वळणातला वनप्रदेश 'बंदी भाग' या नावाने ओळखला जातो. बिटरगाव, दराटी, कोरटा, जेवली, खरबी अशी गावे या भागातली. सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे पैनगंगा अभयारण्य याच परिसरात असून ते यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. सागाचे जंगल, बिबट्या, अस्वल, नीलगाय, चितळ ही त्याची संपत्ती.

वाघाच्या भ्रमंतीच्या दृष्टीने या जंगलाचे मोल २०१९ मध्ये साऱ्या देशाला कळले. याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला आणि 'वॉकर' या नावाने प्रसिद्धी पावलेला तरुण वाघ पैनगंगेच्या जंगलातून मजल दरमजल करीत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यातील पट्ट्यामुळे हा प्रवास नोंदला गेला. वाघाची दुसरी बाजूही याच जिल्ह्याने पाहिली आहे. पांढरकवडा–राळेगाव परिसरातील 'अवनी' या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला आणि २ नोव्हेंबर २०१८ रोजी तिला गोळी घालण्यात आली. शहरातून येणाऱ्यासाठी वाघ म्हणजे छायाचित्र. रात्री ओलिताला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी ती जिवाची भीती. वन पर्यटनाची आखणी करताना या दोन्ही नजरा विचारात घ्याव्या लागतात.

अभयारण्यातील गावांसाठी नियम कडक असतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने जंगलातून जाणारा रस्ता, वीजवाहिनी किंवा तलाव यांसाठी परवानग्यांची साखळी आखून दिली आहे. हे निर्बंध जंगलासाठी आवश्यकच आहेत. प्रश्न समतोलाचा आहे. रुग्णवाहिकेसाठी मागितलेला रस्ता वर्षानुवर्षे कागदावर राहिला आणि सफारीच्या जीपसाठी वाट सहज मोकळी झाली, तर गावकऱ्यांच्या मनात जंगलाविषयी आपलेपणा कसा राहावा?

२००६ च्या वनहक्क कायद्यात यावर एक तोड आहे. शाळा, दवाखाना, रस्ता, पिण्याचे पाणी अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीवरून, प्रत्येक कामापुरती एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वापरता येते. मात्र हेक्टरी ७५ पेक्षा अधिक झाडे तोडता येत नाहीत. याच कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकारही ग्रामसभेला दिला. नदीपलीकडे किनवट तालुक्याचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे 'पेसा' कायद्याचेही बळ मिळते. यवतमाळ जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्र मारेगाव, राळेगाव, केळापूर आणि घाटंजी या भागांपुरते असून उमरखेड त्यात नाही. एकाच जंगलाच्या दोन काठांवर ग्रामसभांचे बळ असे वेगवेगळे आहे. उमरखेडसाठी वनहक्क कायदा म्हणूनच अधिक महत्त्वाचा ठरतो.

यात्रा आणि महामार्ग

पर्यटन हा शब्द रुळण्यापूर्वी या भागात यात्रा होती. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेली माहूरची रेणुकामाता, दत्तशिखर, अनसूया शिखर आणि किनवट तालुक्यातील उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे यांची वाट विदर्भातील यात्रेकरू पिढ्यान्‌पिढ्या तुडवीत आले. यात्रेकरू आणि गाव यांचे नाते देवाणघेवाणीचे असते, तसेच ते श्रद्धेचेही असते. यात्रेकरू दरवर्षी येतो, ओळखीच्या घरी उतरतो, नवस फेडतो. पर्यटक बहुधा एकदाच येतो. वाहनांचा वेग वाढला की यात्रेकरूचाही पर्यटक होतो आणि वाटेवरची गावे खिडकीतून मागे पडतात.

नागपूर–तुळजापूर राष्ट्रीय महामार्ग उमरखेडमधून जातो. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गही उमरखेडमार्गे आखलेला असून त्यातील वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्यात नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाची भर पडली. पवनार ते पत्रादेवी अशा सुमारे ८०२ किलोमीटर लांबीच्या या मार्गाला राज्य मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मान्यता दिली. देवस्थाने जोडणे हा त्याचा जाहीर हेतू. पण वाटेतील अनेक जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास विरोध केला. भाविकाची सोय आणि शेतकऱ्याची जमीन समोरासमोर आली की तीर्थयात्रेचा प्रश्न स्थानिक समाजाच्या अस्तित्वाचा होऊन बसतो.

तांडा, पोड आणि मंच

या टापूची माणसे हा त्याचा खरा वारसा आहे. बंजारा तांडे, आंध आणि गोंड वस्त्या, कोलामांचे पोड पैनगंगेच्या खोऱ्यात विखुरलेले आहेत. श्रावणात तांड्यावरच्या अविवाहित मुली टोपल्यांत गहू पेरून तीज साजरी करतात. होळीला लेंगी गातात. दिवाळीच्या सुमारास दंडार रंगते, ढेमशाचा फेर धरला जातो. या प्रत्येकाला काळ, स्थळ आणि कारण आहे.

पर्यटनाला मात्र असे वेळापत्रक सोयीचे नसते. त्याला शनिवार-रविवारी, जेवणापूर्वी, अर्ध्या तासाचा कार्यक्रम हवा असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७० च्या दशकात या प्रकाराचे विश्लेषण केले. पर्यटक अस्सल जीवनाच्या शोधात येतो आणि यजमान त्याच्यासाठी त्या जीवनाचा देखावा उभा करतो, असे त्यांचे म्हणणे. देखावा सर्वस्वी वाईट असतो असे नाही. त्यातून कलावंताला मानधन मिळते आणि पुढची पिढी कला शिकते. पण काय मंचावर आणायचे आणि काय घरात ठेवायचे, हे त्या समाजानेच ठरवले पाहिजे. वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे बंजारा समाजाचा वारसा मांडणाऱ्या संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. ज्या क्षेत्राला समाज स्वतःची काशी मानतो, तेथेच तो वारसा मांडला गेला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इतरांचा अनुभव

महाराष्ट्रात यापूर्वी काय घडले, ते उमरखेडला मार्गदर्शक ठरू शकेल. अजिंठ्यात प्रदूषण टाळण्यासाठी लेण्यांजवळची दुकाने सुमारे चार किलोमीटर दूर फर्दापूर तिठ्यावर हलवण्यात आली आणि पर्यटकांसाठी विशेष बसगाड्या सुरू झाल्या. वारसा जपला जाताना विक्रेत्याची जागा बदलते, हा त्यातला धडा. साताऱ्याच्या कास पठाराचा २०१२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला आणि फुलांच्या हंगामात गर्दी अनावर झाली. तेथे परिसरातील गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे शुल्क आणि व्यवस्था सोपवण्यात आली, तसेच रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा घालण्यात आली. ताडोब्यात स्थानिक तरुण वाटाडे झाले. त्याचबरोबर परिसरातील जमिनींकडे बाहेरच्या भांडवलाचेही लक्ष गेले.

जगाचा अनुभव वेगळा नाही. जॉर्ज डॉक्सी या अभ्यासकाने १९७५ मध्ये स्थानिकांच्या भावनेचे चार टप्पे सांगितले : आधी उत्साह, मग उदासीनता, पुढे चीड आणि अखेरीस वैर. इटलीतील व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकांवर पाच युरोचा प्रवेशकर लावला. गर्दी हाताबाहेर गेल्यावर केलेला तो उपाय होता. उमरखेड अजून पहिल्या टप्प्यावर आहे, म्हणजे त्याच्या हाती वेळ आहे.

आज घ्यावयाचे निर्णय

या वेळेत चार गोष्टी ठरवता येतील. पहिली, सहस्रकुंड आणि पैनगंगा अभयारण्य यांचा आराखडा दोन्ही जिल्ह्यांनी एकत्र करावा. दुसरी, अभयारण्यात येणाऱ्या शुल्कातील निश्चित वाटा बंदी भागातील ग्रामसभांना मिळावा आणि वाटाडे, निवास, भोजन यांत तेथील कुटुंबांना प्राधान्य असावे. तिसरी, गावांच्या मूलभूत सोयी पर्यटकांच्या सोयींच्या आधी पूर्ण व्हाव्यात. चौथी, माहितीफलक आणि पुस्तिका तयार करताना तांड्यांतील व वस्त्यांतील जाणत्यांना लेखनात सहभागी करून घ्यावे, म्हणजे धबधब्याच्या उंचीबरोबर नदीकाठच्या माणसांची माहितीही पाहुण्याला मिळेल.

शहरी वाचकाचाही यात वाटा आहे. पावसाळी सहलीला निघताना आपण कोणाच्या अंगणात जात आहोत, याची जाणीव ठेवली तर पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. गावात जेवावे, स्थानिक वाटाड्या घ्यावा, पाण्याच्या सूचना पाळाव्यात, कोणाचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे. पर्यटक म्हणून आपण जे पाहायला मागतो, तेच गावे दाखवू लागतात. उमरखेडची ओळख धबधब्याच्या एका चित्रात संपणार की पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या समाजासह सांगितली जाणार, हे जसे तेथील ग्रामसभांवर अवलंबून आहे, तसे ते आपल्या मागणीवरही अवलंबून आहे.