कोर्टाने न घेतलेली साक्ष

यादवी युद्धापूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेकडील बहुतेक राज्यांत गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष कोर्टात चालत नसे. मालकाने केलेला खून दहा गुलामांनी डोळ्यांदेखत पाहिला असला, तरी कायद्याच्या लेखी तो कुणीच पाहिलेला नसे. यांपैकी अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हाही गुन्हा होता. ज्यांचे बोलणे कोर्ट ऐकत नव्हते आणि ज्यांच्या हाती लेखणी येऊ नये अशी कायद्याचीच तजवीज होती, त्यांच्यातूनच पुढे इंग्रजी कादंबरीचा एक अत्यंत समृद्ध प्रवाह निघाला. वंश, इतिहास आणि न्याय हे त्याचे विषय. वाचकांनी या कादंबऱ्या हाती घेताना कोर्टाशी असलेले हे नाते आधी ध्यानात घ्यावे, असे मला वाटते. अन्यायाच्या कहाण्या म्हणून त्या वाचल्या, तर हळहळ वाटते आणि पुस्तक मिटले जाते. न घेतलेली साक्ष म्हणून वाचल्या, तर पानोपानी प्रश्न पडतात: हे कोण सांगते आहे, कुणाला सांगते आहे, आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास का ठेवावा?

विश्वासाचा हा प्रश्न लेखकांच्या वाट्याला अगदी आरंभापासून आला. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे आत्मकथन १८४५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला विल्यम लॉइड गॅरिसन या गोऱ्या संपादकाची प्रस्तावना आणि वेंडेल फिलिप्स या गोऱ्या वकिलाचे पत्र जोडलेले होते. हा मजकूर खरा आहे आणि तो त्याने स्वतःच लिहिला आहे, अशी हमी दुसऱ्या कुणीतरी दिल्याशिवाय वाचक तो मानणार नाहीत, ही त्यामागची धास्ती. दहा वर्षांनी डग्लस यांनी दुसरे आत्मकथन लिहिले, तेव्हा प्रस्तावनेसाठी त्यांनी जेम्स मॅक्यून स्मिथ या कृष्णवर्णीय डॉक्टरांना निवडले. हा बदल लहान नव्हता. तरीही जवळजवळ शंभर वर्षांनंतर, १९४० मध्ये, रिचर्ड राइट यांची ‘नेटिव्ह सन’ ही कादंबरी बाजारात आली ती डोरोथी कॅनफिल्ड फिशर या गोऱ्या लेखिकेची प्रस्तावना घेऊनच. तेव्हा या साहित्याची प्रस्तावना लिहिणाऱ्याने फार ऐटीत बोलू नये. या पुस्तकांना आता कुणाच्या हमीची गरज नाही. नव्या वाचकाला वाट दाखवण्यापुरतेच काम उरले आहे, आणि ते मी आनंदाने करतो.

आत्मकथनांच्या पाठोपाठ कादंबरी आली. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखकाची पहिली कादंबरी मानली जाते ती विल्यम वेल्स ब्राउन यांची ‘क्लोटेल’. ती १८५३ मध्ये निघाली, पण लंडनमध्ये. १८५० च्या पळपुट्या गुलामांविषयीच्या कायद्यामुळे ब्राउन यांना मायदेशी परतणे धोक्याचे झाले होते. उत्तरेकडच्या, गुलामगिरी नसलेल्या राज्यांतूनही पकडून त्यांना मालकाच्या हवाली करता आले असते. ‘क्लोटेल’ची नायिका आहे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांची, गुलाम स्त्रीपासून झालेली मुलगी. अशा संततीविषयी तेव्हा केवळ कुजबुज होती, आणि पुढे अनेक इतिहासकारांनी ती दीर्घकाळ धुडकावून लावली. १९९८ मध्ये डीएनए चाचणीने जेफर्सन घराणे आणि सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचे वंशज यांच्यातील रक्ताच्या नात्याला दुजोरा दिला. कादंबरी म्हणून ‘क्लोटेल’ विस्कळीत आहे, हे मान्य करावे लागेल. पण दप्तरात ज्याला जागा नव्हती ते कथेत नोंदवून ठेवण्याची रीत तिथपासून सुरू होते.

या रीतीचे सर्वांत उंच शिखर म्हणजे टोनी मॉरिसन यांची १९८७ मधील ‘बिलव्हेड’. तिच्यामागची घटना जानेवारी १८५६ ची आहे. मार्गारेट गार्नर ही गुलाम स्त्री केंटकीतून कुटुंबासह गोठलेली ओहायो नदी ओलांडून सिनसिनाटीला पोहोचली. मालकाची माणसे घराला वेढा घालून उभी राहिली, तेव्हा मुलांना पुन्हा गुलामीत जाऊ द्यायचे नाही म्हणून तिने आपल्या चिमुकल्या मुलीचा जीव घेतला. पुढे जे कायद्याच्या दारात घडले ते मन सुन्न करणारे आहे. तिच्या वकिलाला तिच्यावर खुनाचा खटला चालायला हवा होता. कारण खुनाचा आरोप माणसावर होतो, मालमत्तेवर नाही. प्रत्यक्षात ती मालमत्ता ठरली आणि मालकाकडे परत पाठवली गेली. प्रकाशनसंस्थेत संपादक असताना, १९७४ च्या ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाचे काम करताना मॉरिसन यांना या घटनेचे जुने कात्रण मिळाले. त्यांनी गार्नरचे चरित्र लिहिले नाही. सेथ नावाची स्त्री निर्माण केली, आणि तिच्या घरात मेलेल्या मुलीला परत येऊ दिले. आईने केले ते बरोबर की चूक, हा निकाल मॉरिसन देत नाहीत. जो प्रश्न विचारायचेच कोर्टाने नाकारले, तो त्या मेलेल्या मुलीच्या तोंडून विचारतात, आणि तो विचारण्याचा अधिकार खरोखर तिचाच आहे. माझ्या मते या कादंबरीतील भूत हा चमत्कृतीचा भाग नाही. ती या खटल्यातली फिर्यादी आहे.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण वंशभेदाने घर बदलले. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले, आणि रेल्वेचे डबे, शाळा, पाण्याचे नळ सारे वेगळे राहिले; १९५४ च्या ब्राउन खटल्यात ते तत्त्व रद्द झाले, तेही शाळांपुरते. दक्षिण सोडून शिकागो-न्यूयॉर्ककडे गेलेल्या लाखो माणसांना तिथे दुसऱ्या प्रकारची कोंडी भेटली. ‘नेटिव्ह सन’मध्ये ती दिसते. बिगर थॉमसचे कुटुंब उंदरांनी भरलेल्या एका खोलीत राहते. तो ज्या डाल्टन या धनिकाकडे गाडी चालवायला जातो, त्याच्याच कंपनीची ती खोली असते; आणि हाच डाल्टन काळ्या तरुणांच्या मंडळांना टेबल टेनिसची टेबले दान करतो. भाडे आणि दान एकाच खिशातून फिरते, हे राइट यांनी जितक्या कोरडेपणाने दाखवले आहे तितके क्वचितच कुणी दाखवले असेल. शेवटी बिगरच्या खटल्यात त्याचा वकील मॅक्स याने केलेले भाषण मात्र मला लांबलेले वाटते. तिथे बिगर पुन्हा गप्प होतो आणि त्याच्या वतीने दुसराच बोलत राहतो. रॅल्फ एलिसन यांच्या १९५२ च्या ‘इनव्हिजिबल मॅन’ने ही उणीव भरून काढली. तिथे निवेदक अथपासून इतिपर्यंत स्वतःच बोलतो, आणि विनोदाने बोलतो. रंगाच्या कारखान्यातला प्रसंग पाहा: सरकारी इमारतींसाठीचा शुभ्र पांढरा रंग तयार करताना प्रत्येक डब्यात काळ्या द्रावणाचे दहा थेंब मिसळावे लागतात. यावर एलिसन भाष्य करत नाहीत. तुम्ही हसता, आणि मग हसू आवरते.

आपल्याकडे अनेकांना या विषयाची ओळख होते ती हार्पर ली यांच्या १९६० च्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधून. ती गोड आणि प्रामाणिक कादंबरी आहे. तिच्यावरचे प्रेम कमी करावे असे मी म्हणणार नाही. पण एकदा ती साक्षीच्या अंगाने वाचून पाहा. एका गोऱ्या मुलीने केलेल्या खोट्या आरोपात अडकलेला टॉम रॉबिन्सन कोर्टात बोलतो, आणि त्याला सर्वांत महाग पडते ते एकच वाक्य: आपल्याला त्या गोऱ्या मुलीची दया आली, हे. काळ्याने गोऱ्याची दया करावी हे तिथे कुणाला सहन होत नाही. हा लेखिकेचा अत्यंत तल्लख क्षण आहे. मात्र निकालानंतर आपण राहतो ते टॉमचा वकील ॲटिकस फिंच आणि त्याच्या मुलांच्या घरात. टॉमच्या बायकोच्या घराच्या उंबऱ्यापाशी जाऊन आपण परततो. ॲटिकसची मुले कोर्टात काळ्यांसाठी राखलेल्या बाल्कनीत बसून खटला पाहतात. त्या बाल्कनीत रोज बसणाऱ्या एखाद्याने ही गोष्ट सांगितली असती, तर ती कशी झाली असती? हा प्रश्न पडला की तुम्ही या क्षेत्रात खऱ्या अर्थाने आलात.

त्याचे एक उत्तर झोरा नील हर्स्टन यांनी आधीच, १९३७ मध्ये, ‘देअर आईज वेअर वॉचिंग गॉड’मध्ये देऊन ठेवले होते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने वेडावलेल्या नवऱ्यापासून जीव वाचवताना जेनीच्या हातून तो मरतो. खटल्यात पंच सारे गोरे पुरुष. ती निर्दोष सुटते. पण तिने कोर्टात दिलेली जबानी हर्स्टन तिच्या शब्दांत देतच नाहीत, चार ओळींत सांगून मोकळ्या होतात. तिचे खरे बोलणे होते ते घरामागच्या ओसरीवर, आपल्या मैत्रिणीपाशी, आणि ते बोलणे म्हणजेच ही कादंबरी. गोऱ्यांच्या अन्यायाला ती पुरेशी भिडत नाही, असा आक्षेप राइट यांनी घेतला होता. मला तो पटत नाही. आपले आयुष्य कुणाच्या समोर सांगायचे हे निवडता येणे, हाही न्यायाचाच भाग आहे. पुढे हर्स्टन विस्मृतीत गेल्या. १९७३ मध्ये लेखिका ॲलिस वॉकर यांनी फ्लोरिडात त्यांच्या बेवारस थडग्याचा शोध घेऊन तिथे शिळा बसवली, आणि ही कादंबरी पुन्हा वाचली जाऊ लागली.

अलीकडच्या लेखकांत कोल्सन व्हाइटहेड यांचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. त्यांच्या ‘द अंडरग्राउंड रेलरोड’ची कल्पकता थक्क करते, पण मला अधिक जवळची वाटते ती २०१९ मधील ‘द निकेल बॉइज’. फ्लोरिडात मारियाना येथे मुलांसाठीची एक सरकारी सुधारशाळा १९०० पासून २०११ पर्यंत चालली. तिथल्या दफनभूमीत ३१ क्रूस रोवलेले होते. विद्यापीठाच्या संशोधकांनी उत्खनन केले तेव्हा ५५ कबरी सापडल्या. व्हाइटहेड यांनी शाळेचे नाव बदलले, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणांची रेकॉर्ड ऐकून न्यायावर श्रद्धा ठेवणारा एल्वुड हा मुलगा तिथे पाठवला. एडवर्ड पी. जोन्स यांच्या २००३ मधील ‘द नोन वर्ल्ड’ने वेगळीच अडचण उभी केली: स्वतः गुलाम बाळगणारा काळा मालक. असे मालक इतिहासात होते. जोन्स यांचा परगणा मात्र काल्पनिक आहे, आणि त्यात दिलेले जनगणनेचे आकडेही कल्पित. म्हणून वाचकांनी कादंबरीला दस्तऐवज मानू नये. ती दस्तऐवजातल्या रिकाम्या जागा दाखवते. त्या भरण्याचे काम इतिहासकारांचे.

मराठी वाचक या साहित्याकडे परका म्हणून जात नाही, याचा मला थोडा अभिमान वाटतो. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते; १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी या साहित्याचा परिचय मराठीत सातत्याने करून दिला. ही पूर्वपुण्याई मोठी आहे. तरी एक सावधगिरी हवी. वंश आणि जात यांतले साम्य दिसले की हे आपल्याकडचेच आहे असे म्हणून पुस्तक खाली ठेवू नये. गुलामाला लिलावात विकून मायलेकरांची ताटातूट करणारी व्यवस्था आणि जन्माने व्यवसाय ठरवणारी व्यवस्था, दोन्ही क्रूर. पण त्यांची यंत्रे वेगळी चालतात, आणि ती कशी चालतात हे या कादंबऱ्या बारकाईने सांगतात.

आता सुरुवात कुठून करावी? ‘बिलव्हेड’पासून नको. ती काळ मोडून सांगितलेली आहे आणि पहिल्या काही पानांत वाचकाला मुद्दाम दिशाहीन करते. दोन-तीन पुस्तकांनंतर तिचा आनंद दुणावतो. ‘द निकेल बॉइज’ने आरंभ करा; ती लहान आहे, सरळ आहे. मग ऑक्टेव्हिया बटलर यांची १९७९ ची ‘किंड्रेड’ घ्या. तिच्यात १९७६ मधील कॅलिफोर्नियातली काळी स्त्री अचानक यादवी युद्धापूर्वीच्या मेरीलँडमध्ये ओढली जाते, आणि आपलाच पूर्वज असलेल्या गोऱ्या मालकाचा जीव तिला पुन्हा पुन्हा वाचवावा लागतो. तुम्हाला विज्ञानकथा आवडत नसेल तरी ही सोडू नका. हर्स्टन यांच्या कादंबरीतले संवाद बोलीत आहेत. शब्द अडले तर मोठ्याने वाचा, कान लवकर सरावतो. काही दृश्ये अंगावर येतील आणि काही शब्द आज उच्चारवणार नाहीत. तिथे थांबून श्वास घ्यायला हरकत नाही. पाने मात्र वगळू नका.

या वाटेवर पुस्तके एकमेकांशी भांडतात, आणि ते भांडण ऐकण्यात मोठी मौज आहे. मार्क ट्वेन यांच्या ‘हकलबरी फिन’मधील पळालेला गुलाम जिम, पर्सिव्हल एव्हरेट यांच्या २०२४ च्या ‘जेम्स’मध्ये स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो; ही दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचा. ‘मॉकिंगबर्ड’नंतर ‘नेटिव्ह सन’ वाचा. ॲटिकसविषयी किंवा मॅक्सच्या भाषणाविषयी तुमचे मत माझ्या उलट झाले, तर उत्तमच. या कादंबऱ्यांनी वाचकाला पंचाच्या जागी बसवले आहे, आणि सर्व पंचांचे एकमत व्हावे अशी अट त्यांनी घातलेली नाही.