रामटेकचे खासदार आणि लंकेतली फौज

रामटेक म्हटलं की नागपूरकरांना गडमंदिर आठवतं, अंबाळा तलाव आठवतो, झालंच तर कालिदास. मला का कोण जाणे, नरसिंह राव आठवतात. १९८४ साली हणमकोंड्यात ते पडले आणि त्याच निवडणुकीत रामटेकमधून निवडून आले. आता त्यांना परकं तरी कसं म्हणायचं? कायद्याचं शिक्षण नागपूर विद्यापीठात, मराठी उत्तम, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारा माणूस!

हे आठवायचं कारण वेगळं आहे. अमेरिकेने व्हिएतनाममधून, इराकमधून, अफगाणिस्तानातून फौज काढायला हवी होती की नव्हती, यावर आपण मंडळी तावातावाने बोलतो. हाच वाद आपल्या देशातही झाला होता, आणि तो ऐन भरात असताना परराष्ट्रमंत्री होते आपल्याच जिल्ह्यातले खासदार. हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

२९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करार केला. तमिळ प्रांतांना अधिकार मिळणार, वाघांनी शस्त्रं खाली ठेवायची आणि देखरेखीला भारताची फौज. करार किती लोकप्रिय होता ते दुसऱ्याच दिवशी दिसलं. मानवंदना घेताना एका सिंहली नौसैनिकाने राजीवजींवर बंदुकीचा दस्ता उगारला. खांद्यावर निभावलं. दहा आठवड्यांत आपलीच फौज वाघांशी लढत होती. आकाशवाणीवर रोज 'शांतिसेना' हा शब्द यायचा. आमची आजी वर्ध्याची. तिला शांतिसेना म्हणजे विनोबांची, भूदानाच्या काळातली, तेवढीच माहीत. या शांतिसेनेच्या हातात बंदुका कशाला, हा तिचा प्रश्न होता. घरात कुणालाच त्याचं धड उत्तर देता आलं नाही.

जाफना विद्यापीठात १२ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या ३० जणांपैकी २९ मेले. नोव्हेंबरात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागूनही लढले आणि गेले. त्या युद्धातलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. जन्म मुंबईचा. महार रेजिमेंटशी विदर्भातल्या किती घरांचं नातं आहे, हे इथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

वाद खरा पेटला तो १९८९ मध्ये. जानेवारीत प्रेमदासा लंकेचे अध्यक्ष झाले. दक्षिणेत जेव्हीपीचं बंड सुरू होतं आणि त्यांची मुख्य घोषणाच भारतीयांना हाकला ही होती. भारतीय मालावर बहिष्कार पुकारलेला. (तिकडे मोठ्या कांद्याला 'बॉम्बे अनियन' म्हणतात, म्हणजे आपला कांदाही या भांडणात आला!) प्रेमदासांनी ती घोषणाच पळवली. १ जूनला जाहीर केलं की २९ जुलैपर्यंत फौज गेली पाहिजे. दिल्लीचं म्हणणं असं की फौज करारानुसार आली आहे, तमिळांना कबूल केलेले अधिकार मिळालेले नाहीत, त्यामुळे वेळापत्रक दोघांनी मिळून ठरवायचं.

कागदावर दिल्लीची बाजू चुकीची नव्हती. पण बारकाईने बघितलं तर फौज काढायची की नाही हा वाद तोवर उरलाच नव्हता. निघायचं दोघांनाही होतं. भांडण होतं ते कुणाच्या शब्दावर निघायचं याचं. हाकललं म्हणून गेलो असं दिसायला नको, एवढ्यासाठी किती दिवस राहायचं? मला विचाराल तर एकही दिवस नाही.

कारण ते दिवस फुकटचे नव्हते. २९ जुलैला काही शे जवान परत पाठवून दोन्ही सरकारांनी अब्रू राखली. चारच दिवसांनी, २ ऑगस्टला, वल्वेट्टीथुराईत वाघांच्या हल्ल्यात आपले सहा जवान मेले आणि त्यानंतर आपल्या फौजेने गावातले पन्नासहून जास्त साधे लोक मारले. हेही आपल्याच इतिहासात लिहायला हवं. १८ सप्टेंबरला एकदाचा समझोता झाला: दोन दिवसांनी कारवाया बंद, वर्षअखेरपर्यंत माघारीचा प्रयत्न. तोवर प्रेमदासा आपल्याच फौजेशी लढणाऱ्या वाघांना गुपचूप शस्त्रं देत होते, हे पुढे उघड झालं.

नोव्हेंबरात निवडणूक झाली. गाजलं बोफोर्स. रामटेकने राव यांना परत निवडून दिलं, पण सरकार गेलं. व्ही. पी. सिंगांनी फौज ३१ मार्चच्या आत आणायचं ठरवलं आणि २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. मद्रासला स्वागत होतं, पण मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. तमिळांना मारून आलेल्या फौजेचं स्वागत करणार नाही, ही त्यांची भूमिका. राग समजतो. पण तो दिल्लीवर काढायचा की बंदरावर उतरणाऱ्या शिपायावर? शिपायाला तिकडे पाठवताना कुणी विचारलं नव्हतं, आणि परत आणतानाही नाही. अकराशेहून जास्त तर परतलेच नव्हते.

घाईच्या माघारीची किंमत आणखी एका गटाने मोजली, त्यांची आठवण कुणी काढत नाही. निघताना मागे आपलं कुणी असावं म्हणून भारताच्या मदतीने 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी केली होती. त्यात सक्तीने भरती केलेली कोवळी पोरं पुष्कळ होती. फौज निघाली तसं वाघांनी त्यांना टिपलं. मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ भारतात आले, पोरं तिकडेच राहिली.

असो. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, १ मे १९९३ ला कोलंबोत प्रेमदासांची. दोन्ही वाघांनीच केल्या. राव त्या वेळी रामटेकमधून उभेच नव्हते. निवृत्त होऊन हैदराबादला जायच्या तयारीत असलेला हा माणूस पंतप्रधान झाला. त्यांच्या सरकारने १९९२ मध्ये वाघांवर बंदी घातली, फौज मात्र पाठवली नाही. पुढे एप्रिल २००० मध्ये एलिफंट पास पडला, लंकेचे हजारो सैनिक जाफन्यात अडकले आणि कोलंबोने दिल्लीकडे हात पसरले. दहा वर्षांपूर्वी ज्यांना चालते व्हा म्हटलं होतं, त्यांच्याकडेच. वाजपेयी सरकारने फौज पाठवायला नकार दिला.